क्लाउड सर्व्हरची फायरवॉल: पोर्ट नंतर, आधी कोण कोणाशी बोलतं ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तीन व्हर्च्युअल सर्व्हर आहेत. एकावर एनजिनएक्स (वेब सर्व्हर), दुसऱ्यावर ॲप्लिकेशन, तिसऱ्यावर पोस्टग्रेस (डेटाबेस). क्लाउडच्या पॅनेलमध्ये एक फायरवॉल आहे आणि उबुंटूच्या आत यूएफडब्ल्यू ही दुसरी. दोन्ही लागतात का, कोणकोणते पोर्ट (सर्व्हरमध्ये येण्याची क्रमांक दिलेली दारं) उघडायचे, आणि यूएफडब्ल्यू चालू केल्यावर तुम्ही स्वतःच बाहेर का अडकलात, हे तुम्ही विचारलंय. पण मध्येच तुम्ही एक वाक्य लिहून गेलात, ते मला या तिन्ही प्रश्नांपेक्षा महत्त्वाचं वाटतं: 'माझा आयपी रोज बदलतो म्हणून ५४३२ सध्या सगळ्यांसाठी उघडा ठेवलाय, पण पासवर्ड मजबूत आहे.'

तो पोर्ट, म्हणजे पोस्टग्रेसचा ५४३२, आधी बंद करा, मग पुढचं वाचा. कारण सांगतो. एप्रिल २०१३ मध्ये पोस्टग्रेसच्या ९.० ते ९.२ या आवृत्त्यांसाठी तातडीची दुरुस्ती आली होती. दोष असा होता की जोडणी मागताना डेटाबेसच्या नावाची सुरुवात उणे चिन्हाने केली, तर सर्व्हरच्या डेटा फोल्डरमधल्या फायली खराब करता येत होत्या. त्यासाठी लॉगिन लागत नव्हतं, फक्त पोर्टपर्यंत पोहोचता आलं की पुरे. म्हणजे ज्याचा पासवर्ड चाळीस अक्षरी होता तोही तितकाच उघडा होता. तो दोष केव्हाच दुरुस्त झाला, पण अशा प्रकारचा दोष पुन्हा सापडणार नाही असं कोणत्याही सॉफ्टवेअरबद्दल म्हणता येत नाही. पासवर्डची पाळी येते पाकीट (नेटवर्कवरून येणारा माहितीचा तुकडा, पॅकेट) सर्व्हरच्या प्रोग्रॅमपर्यंत पोहोचल्यावर. फायरवॉलचं काम त्याच्या आधीचं आहे: नको त्याचं पाकीट तिथवर पोहोचूच द्यायचं नाही.

'माझा सर्व्हर छोटा आहे, त्याचा पत्ता कोणाला माहीत असणार' असंही बऱ्याच जणांना वाटतं. आयपीव्ही-४ चे एकूण पत्ते साधारण ४३० कोटी. २०१३ मध्येच मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन प्रसिद्ध केलं. एक गिगाबिटची जोडणी असलेला एक साधा संगणक त्याच्या मदतीने जगातल्या सगळ्या आयपीव्ही-४ पत्त्यांवरचा एक पोर्ट पाऊण तासाच्या आत तपासू शकतो. तुम्हाला कोणी शोधत नसतं, सगळेच पत्ते ओळीने तपासले जात असतात. जानेवारी २०१७ मध्ये हजारो मोंगोडीबी डेटाबेस पुसले गेले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली गेली, ती याच पद्धतीने. ते डेटाबेस इंटरनेटवर पासवर्डशिवाय उघडे होते.

तुमचा पोर्ट काही काळ उघडा होता, त्यामुळे तो बंद केल्यावर पोस्टग्रेसच्या लॉगमध्ये (जोडण्यांची नोंद चालू ठेवली असेल तर) अनोळखी पत्त्यांवरून यशस्वी लॉगिन झालंय का तेही बघा आणि पासवर्ड बदला. अयशस्वी प्रयत्न भरपूर दिसतील, त्यांनी घाबरू नका. यशस्वी एक जरी दिसला, तर मात्र तो सर्व्हर नव्याने उभा करणं आणि बॅकअपमधून डेटा आणणं हाच मार्ग मी सुचवेन.

आता मूळ प्रश्न. तुम्ही विचारताय 'कोणते पोर्ट उघडू', आणि पॅनेलही तसंच विचारतं, म्हणून आपलं लक्ष पोर्टच्या रकान्यावर जातं. माझ्या अनुभवात नियमाचं सगळं वजन त्याच्या शेजारच्या रकान्यात असतं, तो म्हणजे सोर्स. कोणाकडून? ५४३२ उघडणं ही चूक नव्हतीच, तुमच्या ॲप्लिकेशनला तो लागतोच. त्या पोर्टपुढे सोर्स म्हणून ०.०.०.०/०, म्हणजे सगळं जग, लिहिलं गेलं, तिथे बिघडलं. म्हणून पॅनेल उघडण्याआधी एका कागदावर तीन चौकोन काढा आणि कोण कोणाशी स्वतःहून बोलायला जातं त्याचे बाण काढा. बाणाची दिशा महत्त्वाची आहे: जो जोडणी सुरू करतो तिथून बाण निघतो. प्रत्येक बाणावर एक वाक्य लिहा, 'ॲप्लिकेशन डेटाबेसकडे माहिती मागायला जातं' असं. ज्या बाणावर वाक्य लिहिता येत नाही त्याचा नियम लिहायचा नाही. नवीन सिस्टिम हातात आली की पहिला तास मी हेच करतो आणि तिथे आधीपासून असलेल्या नियमांतले निम्मे तरी कोणत्याही बाणाशी जुळत नाहीत, हा नेहमीचा अनुभव आहे.

तुमच्या चित्रात बाण फार नाहीत. जगाकडून वेब सर्व्हरकडे ४४३ (एचटीटीपीएस), आणि ८० (साधं एचटीटीपी). 'आता सगळं एचटीटीपीएस आहे, ८० कशाला?' असं वाटेल, पण जुन्या दुव्यांना ४४३ कडे वळवायला तो लागतो आणि लेट्स एन्क्रिप्ट या फुकट प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र फाइल दाखवण्याच्या पद्धतीने घेत असाल तर त्यांची तपासणी ८० वरच येते. ती कोणत्या पत्त्यांवरून येईल हे ते जाहीर करत नाहीत, त्यामुळे तिथे सोर्स बांधून ठेवता येत नाही. एचटीटीपी/३ वापरणार असाल तर ४४३ टीसीपीसोबत यूडीपीवरही (पाकिटं नेण्याच्या या दोन पद्धती) उघडावा लागतो. वेब सर्व्हरकडून ॲप्लिकेशनकडे तुमचा जो पोर्ट असेल तो, समजा ८०८०, आणि ॲप्लिकेशनकडून डेटाबेसकडे ५४३२. याशिवाय तुम्ही स्वतः आत येण्याचा एक बाण. एवढंच. डेटाबेसकडे जगाकडून एकही बाण येत नाही, त्यामुळे त्या सर्व्हरला पब्लिक आयपी असण्याचंही खरं तर कारण नाही.

सोर्स लिहिताना शक्य असेल तिथे पत्त्याऐवजी ग्रुप लिहा. एडब्ल्यूएसमध्ये (ॲमेझॉनचा क्लाउड) डेटाबेसच्या सिक्युरिटी ग्रुपला, म्हणजे त्या सर्व्हरला लावलेल्या नियमांच्या संचाला, सांगता येतं की '५४३२ वर फक्त ॲप्लिकेशनच्या सिक्युरिटी ग्रुपमधले सर्व्हर येऊ देत'. मायक्रोसॉफ्टच्या अझूरमध्ये हेच काम ॲप्लिकेशन सिक्युरिटी ग्रुप करतात, गूगल क्लाउडमध्ये नेटवर्क टॅग किंवा सर्व्हिस अकाउंट. उद्या ॲप्लिकेशनचे एकाचे पाच सर्व्हर झाले तरी नियमाला हात लावावा लागत नाही. इथे एक खोच आहे, आणि तीत बरेच जण एक संध्याकाळ घालवतात. ग्रुपचा सोर्स प्रायव्हेट पत्त्यावरून आलेल्या रहदारीलाच लागू होतो. तुमच्या ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा पब्लिक आयपी लिहिलेला असेल, तर पाकीट बाहेर जाऊन परत येतं, सोर्स म्हणून पब्लिक पत्ता दिसतो आणि नियम जुळत नाही. नियम बरोबर दिसतो, तरी जोडणी लागत नाही. मग कोणीतरी वैतागून ०.०.०.०/० टाकतं, जोडणी लागते, आणि तो नियम तसाच राहून जातो. सेटिंगमध्ये प्रायव्हेट पत्ता लिहा, प्रश्न तिथेच मिटतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत आणि तुम्ही कोणता क्लाउड ते लिहिलेलं नाही, म्हणून मूळ वागणुकीतले फरक सांगतो. एडब्ल्यूएसचा नवा सिक्युरिटी ग्रुप आत येणारं सगळं अडवतो आणि बाहेर जाणारं सगळं सोडतो. त्यात फक्त परवानगीचे नियम असतात, 'अडवा' असा नियम लिहिताच येत नाही, त्यामुळे क्रमाला अर्थ नाही. पण एका सर्व्हरला दोन-तीन ग्रुप लावले तर सगळ्यांच्या परवानग्यांची बेरीज होते. चाचणीसाठी लावलेला एक ढिला ग्रुप बाकीच्या कडक ग्रुपांवर पाणी फिरवतो आणि कडक ग्रुप उघडून पाहिला तर त्यात काहीच चुकलेलं दिसत नाही. अझूरच्या नियमांना १०० ते ४०९६ असा प्राधान्यक्रम असतो, लहान आकडा आधी तपासला जातो, आणि तुम्ही काहीही न लिहिता ६५००० क्रमांकाचा एक नियम संपूर्ण व्हर्च्युअल नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकमेकांकडे येऊ देतो. तुमचा वेब सर्व्हर कोणाच्या ताब्यात गेला तर तिथून डेटाबेसचा रस्ता सरळ मोकळा आहे, हे लक्षात घेऊन त्याच्या वर अडवणारा नियम लिहावा लागतो. गूगल क्लाउडमध्ये 'डिफॉल्ट' नावाचं नेटवर्क वापरलंत तर एसएसएचचा (दुरून सर्व्हरवर लॉगिन करण्याची पद्धत) २२ आणि रिमोट डेस्कटॉपचा ३३८९ हे दोन्ही सगळ्या जगासाठी उघडणारे नियम तयारच येतात. तिथे मी पहिलं काम ते काढण्याचं करतो. स्वस्तातल्या काही सेवांमध्ये मात्र तुम्ही स्वतः फायरवॉल जोडेपर्यंत सगळंच उघडं असतं. म्हणून स्वतःचा एकही नियम लिहिण्याआधी तयार आलेले नियम वाचा.

एडब्ल्यूएसवर असाल तर नेटवर्क एसीएल नावाचा आणखी एक थर दिसेल. त्याला सध्या हात लावू नका. सिक्युरिटी ग्रुप जोडणी लक्षात ठेवतो, आत आलेल्या विनंतीचं उत्तर आपोआप बाहेर जाऊ देतो. एसीएलला अशी आठवण नसते, परतीच्या पाकिटांसाठी वेगळा नियम लिहावा लागतो. ती पाकिटं समोरच्याच्या तात्पुरत्या पोर्टकडे जातात, लिनक्सवर ते सहसा ३२७६८ ते ६०९९९ मधले असतात, इतर सिस्टिमवर वेगळे. एखादी पत्त्यांची पूर्ण रांग स्पष्टपणे अडवायची असेल तेव्हा एसीएल उपयोगी पडतो. तीन सर्व्हरच्या कामात त्याचा फायदा कमी आणि चुकण्याची शक्यता जास्त.

आता तुम्ही स्वतः आत कसं यायचं. पत्ता रोज बदलतो ही अडचण खरी आहे आणि बहुतेकांची आहे. 'एसएसएच उघडाच ठेवा, पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त की (किल्लीची फाइल) वापरा' असा सल्ला तुम्हाला मिळेल. पासवर्डने लॉगिन बंद करणं तर हवंच. पण तेवढ्यावर थांबावं असं मला २०२४ नंतर वाटत नाही. त्या वर्षी मार्चच्या अखेरीस एक्सझेड या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला, त्याचं लक्ष्य एसएसएच सर्व्हर होता. तो मोठ्या प्रमाणावर पसरण्याआधी पकडला गेला. जुलैच्या सुरुवातीला रिग्रेशन या नावाने ओळखला जाणारा ओपनएसएसएचमधला दोष जाहीर झाला, ज्यात लॉगिन होण्याआधीच सर्व्हरवर कोड चालवता येण्याची शक्यता होती. दोन्ही प्रसंगांत तुमची की किती मजबूत आहे याला काही अर्थ नव्हता. पोस्टग्रेसचा २०१३ चा प्रसंग आणि हे दोन, मुद्दा एकच.

यावर मला रोजच्या वापरात सगळ्यात सोयीचा वाटलेला मार्ग म्हणजे वायरगार्ड हा व्हीपीएन (खाजगी सुरक्षित जोडणी). एका छोट्या वेगळ्या सर्व्हरवर तो बसवा आणि तिथे यूडीपी ५१८२० जगासाठी उघडा ठेवा. जगासाठी उघडा ठेवा असं मी सांगतोय हे खटकेल, पण योग्य की नसलेल्या पाकिटाला वायरगार्ड काहीच उत्तर देत नाही, त्यामुळे बाहेरून तपासणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही. तुमचा पत्ता कितीही वेळा बदलला तरी त्याला फरक पडत नाही. मग बाकी तिन्ही सर्व्हरवर २२ चा सोर्स म्हणून फक्त त्या छोट्या सर्व्हरचा ग्रुप लिहा. घरून डेटाबेस बघायचा असेल तेव्हा एसएसएचमधून पोर्ट पुढे नेता येतो: तुमच्या संगणकावरचा एक पोर्ट त्या सर्व्हरमार्गे डेटाबेसच्या ५४३२ ला जोडायचा आणि तुमच्या साधनात पत्ता 'लोकलहोस्ट' द्यायचा. त्यासाठी डेटाबेसच्या ग्रुपमध्ये या सर्व्हरकडून ५४३२ चा एक नियम वाढेल, आणि तुम्ही आज जे मोकळं ठेवलंय त्याची गरज कायमची संपेल.

वेगळा सर्व्हर नको असेल तर क्लाउडचीच सोय वापरा. एडब्ल्यूएसचा सेशन मॅनेजर चालायला आत येणारा एकही पोर्ट लागत नाही, सर्व्हरवरचा एजंटच ४४३ वरून बाहेर संपर्क करतो. गूगल क्लाउडवर आयएपीमार्गे (ओळख तपासून आत सोडणारी गूगलची सेवा) यायचं असेल तर २२ फक्त ३५.२३५.२४०.०/२० या रांगेसाठी उघडावा लागतो. अझूरमध्ये याच कामाची बॅस्टियन ही सेवा आहे. यातलं कोणतं घ्यायचं हे पैसे, सवय आणि तुमच्यासोबत किती जण काम करतात यावर ठरतं. एकटे असाल तर मी वायरगार्ड म्हणेन. चार-पाच जण येत-जात असतील तर क्लाउडची सोय बरी, कारण माणूस काम सोडून गेला की त्याचं खातं बंद केलं की झालं.

एसएसएचचा पोर्ट २२ वरून २२२२ करावा का, हेही लोक विचारतात. लॉगमधला गोंगाट कमी होतो, याहून जास्त काही त्यातून मिळत नाही.

दोन्ही फायरवॉल लागतात का? माझं उत्तर: मुख्य भार क्लाउडच्या फायरवॉलवर टाका आणि आतली यूएफडब्ल्यू दुसरी भिंत म्हणून ठेवा. क्लाउडची फायरवॉल सर्व्हरच्या बाहेर असते, त्यामुळे सर्व्हरवर कोणी रूट झालं, म्हणजे त्याला सगळे अधिकार मिळाले, तरी तिला तो तिथून बंद करू शकत नाही, आणि नको असलेलं पाकीट सर्व्हरपर्यंत पोहोचतही नाही. यूएफडब्ल्यू कामाला येते ती क्लाउडच्या पॅनेलमध्ये कोणीतरी चूक केल्यावर. दोन्हीकडे नियम सारखे ठेवावे लागतात, ही तिची किंमत. छोट्या चमूत ती किंमत परवडत नसेल तर फक्त क्लाउडची नीट सांभाळणं मी मान्य करेन. फक्त यूएफडब्ल्यूवर विसंबणं मात्र मान्य करणार नाही, आणि त्यामागे डॉकर (प्रोग्रॅम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यांत चालवणारं साधन) आहे.

हे जरा सविस्तर सांगतो, कारण यात मी स्वतः पोळलोय. काही वर्षांपूर्वी एका कामात रेडिस (मेमरीत चालणारा डेटाबेस) कंटेनरमध्ये चालवला होता आणि कंटेनरचा ६३७९ हा पोर्ट सर्व्हरवर प्रकाशित केला होता, म्हणजे सर्व्हरच्या पत्त्यावरून मिळेल असा जोडला होता. यूएफडब्ल्यू चालू होती, आत येणारं सगळं अडवायचं असा तिचा मूळ नियम होता, स्टेटस पाहिलं तर फक्त २२, ८० आणि ४४३ उघडे दिसत होते. दोन दिवसांनी रेडिसमध्ये आम्ही कधीच न लिहिलेल्या नोंदी सापडल्या. त्यांत क्रॉनच्या (ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणारं साधन) ओळी होत्या, म्हणजे कोणीतरी रेडिसची फाइल क्रॉनच्या जागी लिहून सर्व्हरवर आपला कार्यक्रम चालवू पाहत होतं. मी बराच वेळ यूएफडब्ल्यूकडे बघत बसलो, कारण तिच्या म्हणण्यानुसार हे घडणं शक्यच नव्हतं.

घडलं ते असं. यूएफडब्ल्यूचे आत येण्याचे नियम कर्नलमधल्या (लिनक्सचा गाभा) 'इनपुट' या नियमांच्या साखळीत बसतात, म्हणजे खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पाकिटांना लागू होतात. डॉकर पोर्ट प्रकाशित करतो तेव्हा तो त्याच्या आधीच्या टप्प्यावर, 'प्रीराउटिंग'मध्ये, पाकिटाचा पत्ता बदलून कंटेनरचा करतो. पत्ता बदलल्यावर कर्नलच्या दृष्टीने ते पाकीट या सर्व्हरसाठी उरत नाही, पुढे पाठवायचं पाकीट होतं आणि 'फॉरवर्ड' साखळीने जातं. तिथे डॉकरने स्वतःच परवानगी लिहून ठेवलेली असते. इनपुट साखळी वाटेत येतच नाही. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नव्हती, तिला विचारलंच गेलं नव्हतं.

उपाय दोन. कंटेनरचा पोर्ट प्रकाशित करताना नुसता पोर्ट न लिहिता त्याआधी १२७.०.०.१ लिहा, म्हणजे तो त्या सर्व्हरच्या आतूनच मिळेल. दुसऱ्या सर्व्हरला हवा असेल तर तिथे प्रायव्हेट पत्ता लिहा. आणि अडवण्याचे नियम लिहायचेच असतील तर डॉकरने त्यासाठी मोकळी ठेवलेली 'डॉकर-यूजर' साखळी वापरा. तुमचं ॲप्लिकेशन डॉकरमध्ये चालतं असं तुमच्या वर्णनावरून वाटतंय, म्हणून हे आजच तपासा: दुसऱ्याच कुठल्या तरी नेटवर्कवरून एनमॅपने (उघडे पोर्ट शोधणारं साधन) तुमच्या तिन्ही पब्लिक पत्त्यांचे सगळे ६५,५३५ पोर्ट तपासा, फक्त नेहमीचे हजार नकोत. आतून यूएफडब्ल्यूचं स्टेटस वाचणं म्हणजे बाहेरून तपासणं नव्हे, हे मी त्या रेडिसकडून शिकलो.

बाहेर जाणाऱ्या रहदारीकडे कोणी फारसं बघत नाही. डिसेंबर २०२१ मधला लॉगफोरशेल हा लॉगफोरजे या जावा लायब्ररीतला दोष आठवा. त्यात हल्लेखोराचा मजकूर लॉगमध्ये पडला की तुमचा सर्व्हर स्वतःहून बाहेरच्या एलडॅप सर्व्हरकडे जाऊन तिथला कोड घेऊन येत होता. ज्यांच्या सर्व्हरला बाहेर कुठेही जायची मुभा नव्हती, त्यांच्याकडे ही दुसरी पायरी अडकली. म्हणून निदान डेटाबेस सर्व्हरसाठी बाहेरचे नियम आवळा. त्याला लागतं ते नावं शोधण्यासाठी ५३ (यूडीपी आणि टीसीपी दोन्ही), वेळ जुळवायला यूडीपी १२३, अपडेट आणि बॅकअपसाठी ४४३, काही रेपॉझिटरींसाठी ८०. ॲप्लिकेशन सर्व्हर बाहेरच्या दहा सेवांशी बोलत असेल तर तिथे एवढं काटेकोर राहणं अवघड जातं, ते मी समजू शकतो. तिथे निदान ठरावीक पोर्टपुरतं मर्यादित करा. आणि मेल जात नसेल तर आपल्या नियमांत शोधत बसण्याआधी हे तपासा की बाहेर जाणारा २५ (मेलचा पोर्ट) क्लाउडनेच बंद ठेवलाय. मोठ्या सेवांवर बहुतेक वेळा तसंच असतं, मेलसाठी ५८७ वापरा.

आयपीव्ही-६ (पत्त्यांची नवी पद्धत) चालू असेल तर ०.०.०.०/० चा नियम त्याला लागू होत नाही, त्याचे नियम वेगळे असतात आणि 'सगळं जग' तिथे ::/० असं लिहितात. एका बाजूने बंद केलेला पोर्ट दुसऱ्या बाजूने उघडा राहिलेला मी बऱ्याचदा पाहिलाय. आयसीएमपी (नेटवर्कचे निरोप नेणारी पद्धत, पिंगही त्यावरच चालतं) सरसकट अडवू नका. पाकीट फार मोठं आहे हा निरोप त्यातूनच येतो. तो अडला की जोडणी लागते, छोटी उत्तरं येतात, पण मोठं पान अर्ध्यावर लटकतं, आणि कारण शोधताना दिवस जातो. आयपीव्ही-६ मध्ये तर शेजारचे सर्व्हर शोधण्याचं कामही आयसीएमपीवर चालतं.

आता तुम्ही बाहेर का अडकलात ते. यूएफडब्ल्यू चालू होताच आत येणारं सगळं अडवते, आणि २२ ची परवानगी तुम्ही फक्त क्लाउडच्या पॅनेलमध्ये दिली होती. पाकीट पहिली भिंत ओलांडून दुसरीला धडकलं. तुमचं आधीचं सत्र चालू राहिलं, कारण लागलेली जोडणी कर्नलच्या लक्षात असते. त्यामुळे सगळं ठीक वाटलं, तुम्ही खिडकी बंद केली आणि मग नवी जोडणी लागेना. पुन्हा आत जायला क्लाउडचा वेब किंवा सीरियल कन्सोल वापरा. त्यासाठी सर्व्हरवरच्या खात्याला पासवर्ड असावा लागतो. नसेल तर सर्व्हर बंद करून त्याची डिस्क दुसऱ्या सर्व्हरला जोडा, यूएफडब्ल्यूच्या मुख्य सेटिंगच्या फाइलमध्ये 'एनेबल्ड'पुढे 'नो' लिहा आणि डिस्क परत लावा.

पुढच्या वेळी क्रम असा ठेवा: आधी २२ ची परवानगी, मग यूएफडब्ल्यू चालू. बदल करण्याआधी 'ॲट' या ठरलेल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या साधनाने दहा मिनिटांनंतर यूएफडब्ल्यू बंद करणारी आज्ञा लावून ठेवा. बदल करा, चालू सत्र तसंच ठेवून दुसऱ्या खिडकीतून नवी जोडणी लावून बघा. लागली की लावलेली आज्ञा रद्द करा. नाही लागली तर दहा मिनिटं थांबा, दार आपोआप उघडेल. मी हे आजही प्रत्येक वेळी करतो, नियम कितीही साधा असला तरी.

प्रत्येक नियमाला वर्णनाचा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. कागदावरच्या बाणावर लिहिलेलं वाक्यच तिथे लिहा, तात्पुरता नियम असेल तर काढायची तारीखही. तीनाचे दहा सर्व्हर होतील तेव्हा नियम टेराफॉर्मसारख्या साधनात (क्लाउडची रचना फायलींत लिहिण्याचं) लिहून गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) ठेवा, म्हणजे कोणी कधी काय आणि का उघडलं ते सापडेल. आज तीन सर्व्हरसाठी एक साधी मजकूर फाइलही पुरते.

हे सगळं करूनही ॲप्लिकेशनला डेटाबेस सापडला नाही, तर चूक नेमकी काय येते ते आधी वाचा. 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर पाकीट बहुधा सर्व्हरपर्यंत पोहोचलंय, तिथे त्या पत्त्यावर कोणी ऐकत नाही. तेव्हा पोस्टग्रेसच्या 'लिसन ॲड्रेसेस' या सेटिंगमध्ये प्रायव्हेट पत्ता आहे का बघा, फायरवॉलला हात लावू नका. बराच वेळ थांबून 'टाइम आउट' आलं तर पाकीट वाटेत गिळलं जातंय, आणि तिथे फायरवॉल किंवा पत्ता यांपैकी एक चुकलंय. पोस्टग्रेसनेच 'या पत्त्यासाठी नोंद नाही' असं उत्तर दिलं तर फायरवॉल पार झाली, अडचण एचबीए फाइलमध्ये (कुठल्या पत्त्यावरून कोणाला येऊ द्यायचं याची पोस्टग्रेसची यादी) आहे. आणि सुरुवातीला चालून, काही वेळ शांत राहिल्यावरच जोडणी तुटत असेल तर तो नियमांचा दोष नाही: गूगल क्लाउड १० मिनिटं गप्प असलेली जोडणी विसरतो, त्यासाठी टीसीपी कीपअलाइव्हचा (गप्प जोडणी जिवंत ठेवणारे छोटे संदेश) अवधी त्याहून कमी ठेवावा लागतो.

यातलं कोणतं दिसतंय, कोणता क्लाउड आहे, आणि ॲप्लिकेशनच्या सेटिंगमध्ये डेटाबेसचा पत्ता पब्लिक आहे की प्रायव्हेट, एवढं लिहा. खरा पत्ता किंवा पासवर्ड देऊ नका. त्यावरून पुढचं नेमकं सांगता येईल.